‘वीकनेस’ म्हटलं की नर्स हात वर करायला का सांगते?

माझी आत्या गेल्या वर्षी लेकीकडे न्यू जर्सीला गेली होती. लांबचा विमानप्रवास, दिवस-रात्रीची उलटापालट आणि त्यात बिघडलेलं पोट. तिसऱ्या दिवशी लेक तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. लेक गाडी लावून येईपर्यंत आत्यानं खिडकीपलीकडच्या नर्सला स्वतःच सांगून टाकलं, ‘आय हॅव वीकनेस. टू मच वीकनेस.’

नर्स ताडकन उठली. आत्याला खुर्चीत बसवलं आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. कुठल्या बाजूला? कधीपासून? जरा हसून दाखवा. दोन्ही हात समोर धरा, डोळे मिटा. आता माझी बोटं घट्ट दाबा. लेक आत आली तेव्हा आत्या डोळे मिटून, हात पुढे करून, कसंनुसं हसत बसली होती. ‘मला वाटलं, इथे तपासण्याआधी कवायत करून घेतात,’ असं तिनं नंतर आम्हाला फोनवर सांगितलं.

यात नर्सचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याकडे ‘वीकनेस’ हा आता मराठी शब्द झालाय. ताप उतरल्यावर वीकनेस, उपासानं वीकनेस, रात्रपाळीनं वीकनेस. त्यावर सलाईन लावून घेतलं की बरं वाटतं अशीही पुष्कळांची ठाम समजूत. पण इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या डॉक्टरच्या कानाला वीकनेस म्हणजे स्नायूंची ताकद जाणं. हात उचलायचा म्हटला तर उचलत नाही, पायातली चप्पल निसटते, तोंडाची एक बाजू ओघळते. ध्यानीमनी नसताना असं झालं तर पहिला संशय पक्षाघाताचा, आणि तिथे मिनिटामिनिटाला किंमत असते. म्हणून हसायला सांगायचं, हात धरायला सांगायचे, बोलायला लावायचं.

ही ताकद मोजण्याचं एक साधं माप आहे आणि ते आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात. शून्य ते ५. शून्य म्हणजे स्नायू जराही हलत नाही. १ म्हणजे नुसता फडफडतो. ३ म्हणजे हात स्वतःचं वजन पेलून वर जातो, पण कुणी वरून जरा दाबलं की खाली येतो. ५ म्हणजे ठणठणीत. आत्याचे दोन्ही हात ५ होते. तिला जे झालं होतं त्याला इंग्रजीत ‘टायर्ड’ म्हणतात, डॉक्टरी भाषेत ‘फटीग’. ताकद शाबूत असते, पण ती वापरायची उमेद नसते. थकवा, गळाठा, मरगळ हे आपले शब्द या खात्यातले. अशक्तपणा मात्र दोन्ही खात्यांत पाय ठेवून उभा आहे, आणि आपण त्याचंच ‘वीकनेस’ असं भाषांतर करून मोकळे होतो. परदेशात आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढा एक शब्द त्यांच्याकडून घोटून घ्यावा असं माझं प्रामाणिक मत आहे. ‘आय फील व्हेरी टायर्ड’ म्हटलं की काम भागतं.

आत्याच्या या प्रकरणानंतर मी असल्या शब्दांचा नादच घेतला. भाषांतराची कामं करताना वर्षानुवर्षं मी सिक, इल, डिसीझ, एलमेंट या सगळ्यांच्या जागी बिनदिक्कत ‘आजारी’ आणि ‘आजार’ लिहीत आलो होतो. मला वाटायचं, यांच्यातला फरक कमी-जास्तीचा असेल. म्हणजे सिक थोडं, इल जास्त. तसं नाहीये. हे शब्द बहुतेक वेळा दुखणं किती मोठं ते सांगत नाहीत, तर कोण बोलतंय, कुठे बोलतंय आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतंय ते सांगतात.

सिक आणि इल ही जोडी बघा. सिक हा इंग्रजीचा घरचा, जुना जर्मानिक शब्द. इल आला उत्तरेकडच्या नॉर्स लोकांबरोबर, आणि आला तेव्हा त्याचा आजाराशी संबंधच नव्हता. त्याचा अर्थ होता वाईट, दुष्ट. ‘इल विल’ म्हणजे मनातला आकस, त्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. प्रकृती वाईट असणं हा अर्थ त्याला पुढे चिकटला. अमेरिकेत रोजच्या बोलण्यात सर्दी-तापापासून कॅन्सरपर्यंत सगळ्याला सिक चालतं. इंग्लंडमध्ये मात्र ‘ही वॉज सिक’ म्हटलं तर ऐकणारा आधी आजूबाजूची फरशी बघेल, कारण तिथे ‘टू बी सिक’ म्हणजे ओकणं आणि ‘फील सिक’ म्हणजे मळमळणं. लंडनच्या शाळेतून ‘तुमचा मुलगा सिक झाला’ असा फोन आला, तर कपड्यांचा एक जोड घेऊन जावं. गाडी लागणं, बोट लागणं यांच्या इंग्रजी नावांत सिक येतो तोही यामुळेच. ‘नॉशिया’ हा डॉक्टरी शब्दसुद्धा मूळ ग्रीक जहाजावरून आलाय; बोट लागणं हाच त्याचा पहिला अर्थ. आपल्याकडे एखाद्या गोष्टीचा वीट येतो, शिसारी येते. इंग्रजीतही ‘सिक ऑफ इट’ म्हणतात. पोट आणि कंटाळा यांचं नातं दोन्हीकडे आहे.

दुसरी एक बारीक गोष्ट. नामाच्या आधी सिक सहज बसतो, इल अडखळतो. आजारी मुलाला ‘सिक चाइल्ड’ म्हणतात. ‘इल चाइल्ड’ कानाला खटकतं. पण मध्ये ‘सीरियसली’ किंवा ‘टर्मिनली’ असा शब्द आला की इल लगेच खुलतो. आणि माणसाखेरीज इतर कशाला आजारी म्हणायचं असेल तर सिकच हवा. १९८५ साली केंद्र सरकारनं तोट्यात बुडालेल्या कंपन्यांसाठी कायदा केला, त्याच्या नावातच ‘सिक इंडस्ट्रियल कंपनीज’ होतं. आपल्या वर्तमानपत्रांतले आजारी साखर कारखाने आणि आजारी सूतगिरण्या या सिकची मराठी भावंडं. आजकालची पोरं झकास गोष्टीलाही सिक म्हणतात, आपण ‘कडक’ म्हणतो तसं. ते सोडून देऊ.

खरा घोळ पुढे आहे. डिसीझ, इलनेस आणि सिकनेस. कोशात तिन्हींसमोर आजारच लिहिलेलं असतं. पण वैद्यकाचा समाजाच्या अंगानं अभ्यास करणारे, उदाहरणार्थ हार्वर्डचे डॉक्टर आर्थर क्लाइनमन, पहिल्या दोघांत स्पष्ट भेद करतात. डिसीझ म्हणजे डॉक्टरला शरीरात सापडणारा बिघाड. इलनेस म्हणजे ज्याला झालंय त्याला जे भोगावं लागतं ते. याला मराठीत नवा शब्द शोधायला नको. रोग आणि आजारपण. ‘आईच्या आजारपणात’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात फक्त निदान नसतं. रात्रीची जागरणं असतात, उशाशी पाण्याचा तांब्या असतो, समाचाराला येणाऱ्यांचा चहा असतो, मोडलेली एफडी असते. ‘आईच्या रोगात’ असं कुणी म्हणत नाही.

हे दोन्ही नेहमी जोडीनंच येतात असंही नाही. गावातल्या तपासणी शिबिरात एखाद्याचा रक्तदाब १६०/१०० निघतो. त्याला काहीच होत नसतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, शेतातली कामं चालू असतात. रोग आहे, आजारपण नाही. म्हणून तो महिनाभर गोळ्या घेतो आणि ‘बरंय की मला’ म्हणत सोडून देतो. याच्या उलटही माणसं असतात. अंग सतत ठणकतं, झोप लागत नाही, सगळे रिपोर्ट मात्र नॉर्मल. आजारपण आहे, रोग सापडत नाही. घरचे म्हणतात, ‘तुला काही झालेलं नाही.’ डॉक्टर म्हणतात, ‘काही निघालं नाही.’ ही वाक्यं ऐकायला सारखीच, पण डॉक्टर डिसीझबद्दल बोलत असतो आणि घरचे त्यावरून इलनेसचा निकाल लावतात. माझ्या मते या एका गल्लतीनं जेवढी माणसं दुखावली असतील तेवढी बाकी शब्दांच्या सगळ्या चुकांनी मिळून दुखावली नसतील.

उरला सिकनेस. उलटीचा अर्थ बाजूला ठेवला तर हा शब्द समाजाचा. आजारी आहे असं चारचौघांनी मान्य करणं, आणि त्यानुसार कामातून सूट देणं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टाल्कट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये आजारी माणसाच्या या भूमिकेची मांडणी केली: त्याला काम माफ, दोष माफ, पण त्यानं बरं व्हायची धडपड केली पाहिजे आणि डॉक्टरचं ऐकलं पाहिजे. ‘मेडिकल टाकली’ म्हणणाऱ्या कुठल्याही कारकुनाला हे पार्सन्सशिवायही ठाऊक असतं. १९४८ च्या कायद्यानं आलेल्या कामगार विम्यातल्या लाभाचं इंग्रजी नावही ‘सिकनेस बेनिफिट’ असंच आहे. डिसीझ बेनिफिट नव्हे, इलनेस बेनिफिटही नव्हे. पात्र कामगाराला वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. त्यासाठी नुसता ताप असून भागत नाही, तापाचा दाखला लागतो. सिकनेस हा कागदावर येतो.

एलमेंट मात्र घरगुती शब्द. गुडघे, पित्त, मूळव्याध, हिवाळ्यातला खोकला. जिवाला धोका नाही पण पिच्छाही सोडत नाही, असं दुखणं. आपण ‘काही ना काही चालूच असतं’ म्हणतो तो हा प्रकार. मॅलडी जरा पुस्तकी, जुनाट वळणाचा. पेशंटच्या फाइलीवर सहसा दिसणार नाही.

डिसऑर्डर आणि सिंड्रोम हे दोन शब्द मात्र फाइलीवर हमखास भेटतात. डिसऑर्डर म्हणजे कामकाज बिघडणं, घडी विस्कटणं. आपला विकार इथे चपखल बसतो, म्हणून मनोविकार, रक्तविकार. सिंड्रोम हा ग्रीक शब्द, अर्थ ‘एकत्र धावणं’. एरोड्रोममधला ड्रोम म्हणजे धावण्याची जागा, तोच हा. काही लक्षणं पुन्हा पुन्हा एकमेकांच्या सोबतीनं येताना दिसतात. कारण कधी माहीत असतं, कधी नसतं, पण टोळी ओळखू येते. मग त्या टोळीला नाव देतात. १९८२ मध्ये एड्स हे नाव ठरलं तेव्हा त्यामागचा विषाणू सापडायचा होता. तो १९८३ मध्ये वेगळा करता आला, पण नावातला शेवटचा सिंड्रोम तसाच राहिला. कोविडचं उलटं. ११ फेब्रुवारी २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं ते नाव जाहीर केलं तेव्हा कारण आधीच हाती होतं, म्हणून त्याच्या शेवटचा ‘ड’ डिसीझचा आहे.

तीव्र या मराठी शब्दानंही एक गोंधळ घालून ठेवलाय. इंग्रजीत ॲक्यूट म्हणजे अलीकडे, झपाट्यानं आलेलं. क्रॉनिक म्हणजे लांबलेलं, जुनाट. सिव्हिअर म्हणजे जोरकस, गंभीर. पहिले दोन शब्द वेळ सांगतात, तिसरा जोर सांगतो. साधी सर्दी ॲक्यूट असते आणि अजिबात गंभीर नसते. आपण मात्र ॲक्यूटलाही तीव्र म्हणतो आणि सिव्हिअरलाही. त्याचे परिणाम अंगणवाडीच्या नोंदींत दिसतात. तिथे सॅम (सिव्हिअर ॲक्यूट मालन्यूट्रिशन) आणि मॅम (मॉडरेट ॲक्यूट मालन्यूट्रिशन) अशी कुपोषित मुलांची वर्गवारी असते. मूल सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतचं असेल तर दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळतात, माप ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर सॅम, ११.५ ते १२.५ मध्ये असलं तर मॅम. यातला मधला ‘ए’ ॲक्यूटचा, म्हणजे हे कुपोषण अलीकडे वजन घटून आलेलं आहे, वर्षानुवर्षांच्या उपासमारीनं उंची खुंटलेली असते ते हे नव्हे. मराठीत मॅमचं झालं ‘मध्यम तीव्र कुपोषित’. आता मध्यम की तीव्र, ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मेळघाटातल्या बातम्या वाचताना मी पूर्वी हा शब्द छापण्यातली चूक समजत असे.

आता अशक्तपणाकडे परत येऊ. वीक हा शब्द इंग्रजीत कुठेही घुसतो आणि मराठीत त्याला जागोजागी वेगळा सदरा घालावा लागतो. वीक चहा पांचट, वीक विद्यार्थी कच्चा, वीक नजर अधू, वीक भिंत कमकुवत, वीक माणूस लेचापेचा. आणि ‘वीकनेस फॉर श्रीखंड’ असं कुणी म्हणालं तर त्याला सलाईन नको, वाटी द्या.

फीबल हा वीकचा केविलवाणा भाऊ. मूळ लॅटिन अर्थच ‘रडू यावं असा’. त्यात दुबळेपणाबरोबर बघणाऱ्याची कीव मिसळलेली असते, कधी तुच्छताही. लंगड्या सबबीला फीबल म्हणतात. म्हणून कुणाच्या आजोबांना फीबल म्हणू नये, फ्रेल म्हणावं. फ्रेल आणि फ्रॅजाइल एकाच लॅटिन शब्दाची दोन रूपं, जसे आपले दुबळा आणि दुर्बल. फ्रॅजाइल काचसामानाच्या खोक्यावर, फ्रेल माणसाला. सहज मोडेल, जपून हाताळा, हा भाव दोन्हींत. आपलं ‘पिकलं पान’ अगदी हेच सांगतं.

फ्रेल आता नुसतं विशेषण राहिलेलं नाही, वृद्धांच्या वैद्यकात ते जवळजवळ निदान झालंय. २००१ मध्ये अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी पाच कसोट्या मांडल्या: मुद्दाम न करता घटलेलं वजन, सततचा थकवा, मुठीची कमी झालेली पकड, मंदावलेली चाल, आणि हालचालच कमी होणं. पाचांतल्या तीन लागू झाल्या तर फ्रेल. एक किंवा दोन लागू झाल्या तर त्या वाटेवर. गंमत म्हणजे यातलं काहीही रोग नाही. साखर नाही, बीपी नाही, पण बाथरूममध्ये पाय घसरला की माणूस सहा महिने अंथरुणाला खिळतो. आईला बरणीचं झाकण उघडेनासं झालं आणि सिग्नल सुटायच्या आत रस्ता ओलांडता येईनासा झाला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांच्या कानावर घालावं.

जन्मापासून नाजूक प्रकृतीला डेलिकेट. आपली तोळामासा तब्येत. सदान्‌कदा आजारी दिसणारा तो सिकली, म्हणजे रोगट. प्यूनी म्हणजे किरकोळ अंगाचा, आणि या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ ‘मागाहून जन्मलेला’. उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्तींखेरीज बाकीच्या न्यायमूर्तींना इंग्रजीत जे जुनं विशेषण लावतात, त्याचा उच्चारही प्यूनीच आणि मूळही तेच. स्पेलिंग वेगळं आहे म्हणून बरं.

इन्फर्म हा शब्द अशक्त या शब्दासारखाच घडलाय: जो भक्कम नाही तो. वयानं किंवा अधू अवयवानं ज्याचं चालणं-फिरणं अडलं, त्याच्यासाठी. इन्व्हॅलिडही तसाच, पण त्याला दोन उच्चार. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर कायमचा दुखणाईत माणूस, दुसऱ्यावर दिला तर रद्दबातल कागद. जिवंत माणसाला आणि बाद पासवर्डला एकच स्पेलिंग, म्हणून हा शब्द माणसांसाठी आता अपमानास्पद मानतात. सरकारी नियमांत तो अजून आहे: तब्येतीमुळे नोकरी सोडावी लागलेल्याला इंग्रजीत इन्व्हॅलिड पेन्शन मिळतं. मराठीत त्याला रुग्णता निवृत्तिवेतन केलंय. मूळापेक्षा भाषांतर सभ्य, असं क्वचितच होतं.

शेवटी चक्कर. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही दवाखान्यात ‘गिडीनेस’ रोज ऐकू येतो आणि डॉक्टर तो बिनचूक समजतात. अमेरिकेत मात्र गिडी म्हणजे बहुधा आनंदानं हुरळलेला, खिदळणारा. मूळ जुन्या इंग्रजीत तर त्याचा अर्थ होता वेडा, अंगात आलेला. तिथे ‘डिझी’ म्हणावं, आणि लगेच पुढचंही सांगावं, कारण डॉक्टर ते विचारणारच: खोली गरगर फिरते का, ते व्हर्टिगो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, ते लाइटहेडेड, की खरोखर शुद्धच हरपली, ते फेंट. चक्कर, अंधारी, भोवळ असे शब्द आपल्याकडेही आहेत, फक्त डॉक्टरसमोर आपण तिन्हींना चक्करच म्हणतो.

हे सगळं मी आत्याला फोनवर समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे मी त्या दिवशी वीकनेसऐवजी गिडीनेस म्हणाले असते, तर ती पोरगी माझ्याबरोबर हसत बसली असती?’ मी म्हटलं, बहुतेक.